मातीला नाव देण्याआधी खड्डा खणा

शेजारशेजारची दोन शेतं, मधे एक बांध. दोन्हीकडची माती काळी, दोन्हीकडे एकच पीक, एकाच दिवशी पेरलेलं. पाऊस उघडला आणि दहाव्या दिवशी एका शेतातलं पीक भर दुपारी माना टाकू लागलं. बांधापलीकडचं पीक मात्र पुढे दोन आठवडे हिरवंगार राहिलं. वरून कितीही निरखलं तरी या दोन जमिनींत फरक सापडत नाही. कुदळ मारली की लगेच सापडतो. पहिल्या शेतात फूटभर मातीखाली मुरूम लागतो, दुसऱ्यात तीन फुटांपर्यंत कुदळ मातीतच राहते.

हिशेब सोपा आहे. समजा, या मातीच्या एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं १५० मिलिमीटर पाणी मावतं आणि पीक रोज ५ मिलिमीटर पाणी पितं. मग ३० सेंटिमीटर मातीत ४५ मिलिमीटर पाणी, म्हणजे नऊ दिवसांची बेगमी. ९० सेंटिमीटर मातीत १३५ मिलिमीटर, म्हणजे सत्तावीस दिवसांची. नुसतं ‘काळी जमीन’ म्हटलं की ही दोन शेतं एकाच खात्यात जातात, आणि पेरणीपासून पाण्यापर्यंतचे सगळे निर्णय तिथूनच चुकायला लागतात.

एखाद्या ग्रामीण भागातल्या मातीचं वर्णन आणि वर्गीकरण करायचं म्हणजे हीच चूक टाळायची. काम तीन टप्प्यांचं: माती नीट पाहायची, पाहिलेलं ठरलेल्या भाषेत लिहायचं आणि मग तिला नाव द्यायचं. घाई बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्याची होते. माझ्या मते पहिल्या टप्प्याला निम्म्याहून जास्त वेळ द्यायला हवा.

खड्डा कुठे खणायचा?

सगळ्या शिवारात खड्डे खणत सुटणं शक्य नसतं, आणि तशी गरजही नसते. माती कुठेही कशीही पडलेली नसते. खालचा खडक, हवामान, झाडंझुडपं नि जीवजंतू, जमिनीचा चढउतार आणि काळ या पाच गोष्टी मिळून ती घडवतात. एका छोट्या भागात हवामान जवळपास सारखंच असतं, खडकही बऱ्याचदा एकच असतो. मग माती बदलते ती मुख्यतः चढउताराने.

म्हणून पहिलं काम चालण्याचं. टेकडीच्या माथ्यावरून निघायचं आणि ओढ्यापर्यंत सरळ उतरत जायचं. माथ्यावर माती उथळ आणि भरड असते, कारण पाण्याने बारीक कण केव्हाच वाहून नेलेले असतात. मधल्या उतारावर ती थोडी खोल होते. पायथ्याशी वरून आलेली बारीक माती साठलेली असते. अगदी तळाशी पाणी तुंबतं आणि पाण्यासोबत आलेले क्षारही तिथेच थांबतात. पूर्व आफ्रिकेत सर्वेक्षण करताना जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाला माथ्यापासून तळापर्यंतचा हा क्रम टेकडीमागून टेकडीवर तसाच येताना दिसला. १९३५ मध्ये त्याने त्याला ‘कॅटीना’ हे नाव दिलं. हा लॅटिन शब्द, अर्थ साखळी. एका टेकडीची साखळी उलगडली की शेजारच्या दहा टेकड्यांवर काय सापडेल याचा अंदाज बांधता येतो. मग तो अंदाज पडताळायचा. माथ्यावर एक, उतारावर दोन, पायथ्याशी एक, तळाशी एक, असे पाच खड्डे डोळसपणे निवडले तर नकाशावर चौकटी आखून खणलेल्या पंचवीस खड्ड्यांहून जास्त कळतं.

चालताना बरोबर शेतकरी असावा. त्याला ‘तुमची माती कोणती?’ असं विचारू नये. पावसानंतर सगळ्यात उशिरा वाफसा कुठे येतो? नांगर कुठे जड लागतो? पीक आधी कुठे सुकतं, पाणी कुठे साचतं? असे प्रश्न विचारावेत. वाफसा हा मला आपल्या भाषेतला फार मोलाचा शब्द वाटतो. जास्तीचं पाणी निचरून गेलंय, मातीच्या पोकळ्यांत हवा शिरलीय आणि कणांना धरून ओल टिकलीय, अशी ही अवस्था. एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं. दोन शेतांतला वाफसा चार दिवसांच्या अंतराने येत असेल, तर त्या दोन वेगळ्या माती आहेत हे खड्डा खणण्याआधीच कळलेलं असतं.

नव्या विहिरीची बाजू, रस्त्यासाठी कापलेला चढ, ओढ्याची दरड, हे फुकटात मिळालेले छेद. मात्र जुना छेद ऊन-पावसाने बदललेला असतो. वरची वीतभर माती खरवडून काढल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

खड्ड्यात उतरल्यावर

खड्डा साधारण मीटरभर रुंद, दीड-दोन मीटर लांब आणि तितकाच खोल. कातळ आधी लागला तर तिथपर्यंतच. एका बाजूला उतरायला पायऱ्या ठेवायच्या. ज्या भिंतीचं वर्णन करायचं तिच्यावर ऊन पडेल अशी दिशा धरायची. त्या भिंतीच्या वर माती टाकायची नाही आणि कुणाला उभंही राहू द्यायचं नाही, कारण वरचा थर दाबला गेला की पहिलंच निरीक्षण खोटं ठरतं. उकरलेल्या मातीचेही दोन ढीग करायचे, वरच्या मातीचा वेगळा आणि खालच्या मातीचा वेगळा.

कुदळीने भिंत चोपडी झालेली असते, तिच्यावरून काही कळत नाही. सुरीच्या टोकाने ती वरून खाली टोकरत यायचं, म्हणजे माती तिच्या नैसर्गिक सांध्यांवर फुटते आणि थर दिसायला लागतात. वर मुळं, कुजलेला पालापाचोळा आणि गांडुळांची बिळं असलेला गडद थर, तो ‘ए’. त्याखाली ‘बी’. माती म्हणून जे घडायचं ते मुख्यतः इथे घडतं. वरून झिरपलेली चिकण, चुना, लोह इथे येऊन थांबतं. त्याखाली ‘सी’, म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, आपला मुरूम. आणि तळाशी ‘आर’, अखंड कातळ. प्रत्येक जमिनीत हे चारही थर असतील असं नाही. माथ्यावर ‘ए’ थेट मुरमावर बसलेला सापडतो.

आता प्रत्येक थराची नोंद. किती खोलीपासून किती खोलीपर्यंत, आणि खालच्या थराशी असलेली सीमा सुरीने आखल्यासारखी की हळूहळू मिसळत जाणारी? सीमा एकदम तुटक असेल तर गाळ नंतर येऊन बसला असेल किंवा नांगराने तो थर बनवला असेल. ढेकूळ हातात घेऊन हलकेच दाबायचं. ते रवाळ दाण्यांत सुटतं, कोनदार तुकड्यांत फुटतं की उभ्या खांबांसारखं तुटतं? याला मातीची जडणघडण म्हणतात, आणि मुळं व पाणी कोणत्या वाटेने जाणार हे तीच ठरवते. मुळांकडे तर खास लक्ष द्यावं. ती सरळ खाली जाता जाता एके ठिकाणी आडवी वळली असतील, तर तिथे काहीतरी अडलंय. बहुधा वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरल्याने तयार झालेला घट्ट थर. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे. फसफसलं तर चुना आहे, आणि कोणत्या खोलीवर फसफसायला सुरुवात झाली तो आकडा लिहून ठेवायचा.

पोत बोटांना कळतो

मातीतले कण आकाराने तीन प्रकारचे. दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाळू, तिथून ०.००२ मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकण. (काही पद्धतींत वाळूची खालची हद्द ०.०२ मिलिमीटर धरतात, म्हणून दोन अहवालांची तुलना करताना आधी ही हद्द पाहावी.) या तिघांचं प्रमाण म्हणजे पोत. त्रिकोणी तक्त्यावर पोताचे बारा वर्ग आखलेले असतात.

मूठभर माती घ्या, खडे वेचून टाका, थेंब थेंब पाणी घालत कणकेसारखी मळा. घाई करू नका. ढेकळं पुरती फुटायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि अर्धवट मळलेली माती असते त्याहून भरड लागते. आता अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढा. पट्टी होतच नसेल तर वाळू जास्त. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकण बेताची. पाच सेंटिमीटरपर्यंत गेली तर चिकणीचं प्रमाण चांगलंच. त्याहून लांब, लवचीक, चकाकणारी पट्टी निघाली तर ती अस्सल चिकणमाती. मग थोडी माती तळहातावर भरपूर पाण्यात कालवून बोटाने घासा. खरखर लागली तर वाळू, पिठासारखं गुळगुळीत लागलं तर पोयटा, बोटाला चिकटून ओढ लागली तर चिकण. सुरुवातीला चुका होतात. पण प्रयोगशाळेत तपासून आलेले नमुने हाताशी ठेवून महिनाभर सराव केला तर बोटं बारा वर्गांतले बहुतेक वर्ग ओळखू लागतात.

प्रयोगशाळेतली पद्धत कण पाण्यात किती वेगाने बुडतात त्यावर चालते. कण दहापट लहान असेल तर तो शंभरपट हळू बुडतो. साध्या तापमानाच्या पाण्यात ०.०५ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला मिनिटभरही घेत नाही. ०.००२ मिलिमीटरच्या कणाला त्याच अंतराला आठेक तास लागतात. ओढ्याचं गढूळ पाणी रात्रभर ठेवूनही निवळत नाही ते यामुळेच.

रंग खूप सांगतो, पण फसवतोही

‘तपकिरी’ म्हटल्यावर दोन माणसांच्या डोळ्यांपुढे दोन वेगळे रंग येतात. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकला शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग मोजायची पद्धत बसवली, आणि पुढे मृदाशास्त्रज्ञांनी तिच्यावरून मातीपुरती रंगपुस्तिका केली. मातीचं ओलं ढेकूळ पुस्तिकेतल्या चौकटींशेजारी धरायचं आणि जुळणारा आकडा लिहायचा, उदाहरणार्थ ‘१० वायआर ३/२’. पहिला भाग रंगाची जात सांगतो, मधला आकडा उजळपणा आणि शेवटचा रंगाची धार. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उजेडात ही नोंद करू नये.

तांबडा रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा, पिवळसर तपकिरी गोएथाइटचा. दोन्ही लोहाचीच रूपं, आणि दोन्ही सांगतात की मातीत हवा खेळती आहे. पाणी महिनोन्‌महिने तुंबून राहिलं की ऑक्सिजन संपतो, जिवाणू श्वसनासाठी लोहाचा आधार घेतात, लोह विरघळून निघून जातं आणि मागे राखाडी रंग उरतो. पाण्याची पातळी वर-खाली होत असेल तर राखाडीत नारिंगी ठिपके दिसतात. भर उन्हाळ्यात, माती ठणठणीत कोरडी असतानाही, त्या ठिपक्यांवरून पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते सांगता येतं. विहीर, घराचा पाया किंवा फळबाग यांचा विचार असेल तर ही एक खूण फार मोलाची आहे.

फसवतो तो काळा रंग. युक्रेन आणि दक्षिण रशियातली ‘चेर्नोझेम’ काळी असते ती सेंद्रिय पदार्थांमुळे. तिथल्या गवताळ मैदानांवर हजारो वर्षं मुळं कुजत राहिली आणि ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळपट सेंद्रिय पदार्थ, खोलवर मुरला. दख्खनच्या पठारावरची कापसाची काळी मातीही तितकीच काळीभोर दिसते, पण तिच्यात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्याच्याही आत असतो. तेवढासा ह्यूमस अतिशय बारीक चिकणीला घट्ट बिलगून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. रंग पाहून ‘काळी आहे, म्हणजे कस असणारच’ असं ठरवलं की इथे मोठीच फसगत होते.

आता नाव

गंमत अशी की मृदाशास्त्राने आपले पहिले शब्द शेतकऱ्यांकडूनच घेतले. रशियन भूवैज्ञानिक वासिली दोकुचायेव यांनी १८७७ पासून काळ्या मातीचा प्रदेश पायाखाली घातला आणि १८८३ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे नुसता झिजलेला खडक, ही तोवरची समजूत. माती ही स्वतःच्या घडणीची, स्वतःचा इतिहास असलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, असं त्यांनी मांडलं. निझ्नी नोव्हगोरोद प्रांतात जमिनीवरचा कर न्यायाने बसावा म्हणून मातीची प्रतवारी करायचं कामही त्यांच्याकडे आलं, आणि त्यांच्या तुकडीने तो भाग पिंजून काढला. चेर्नोझेम म्हणजे काळी भुई, पॉडझॉल म्हणजे राखेखालची. ही शेतकऱ्यांच्या तोंडची नावं त्यांनी शास्त्रात आणली, आणि आजही ती जगभर चालतात.

आपल्याकडच्या भरड, मुरमाड, चिकण, रेताड, गाळाची, पाणथळ, खारवट, चोपण या शब्दांतही मोठं निरीक्षण आहे. अडचण एवढीच की ही नावं प्रामुख्याने नांगर पोचतो तिथवरची गोष्ट सांगतात, आणि दोन तालुके ओलांडले की एकाच शब्दाचा अर्थ बदलतो. मोजून ठरवलेली नावं लागतात ती यासाठी.

अशा दोन पद्धती जगभर वापरल्या जातात. एक अमेरिकेच्या कृषी खात्याची, १९७५ मध्ये ग्रंथरूपाने आलेली, आज बारा गणांची. दुसरी आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धती, तिच्यात बत्तीस गट आहेत. दोन्हीकडे नाव ठरतं ते प्रश्नांच्या क्रमाने. अमेरिकी पद्धतीत आधी विचारतात, कायम गोठलेला थर आहे का? नाही. मग, कुजक्या वनस्पतींचा जाड थर आहे का? नाही. असं करत सहाव्या पायरीला प्रश्न येतो फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीचा. वरच्या थरांत ३० टक्के किंवा जास्त चिकण आहे का? कोरड्यात भेगा पडून ओलाव्यात मिटतात का? आणि खाली, मातीचे ठोकळे एकमेकांवर घासून चकचकीत झालेले तिरपे पृष्ठभाग दिसतात का? तिन्हींना ‘हो’ आलं तर गण ठरला, व्हर्टिसॉल. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ उलटंपालटं होणं. वरची सुटी माती भेगांतून खाली पडते, पाऊस आला की खालचा भाग फुगतो, जागा पुरत नाही म्हणून माती तिरपी सरकते. अशा जमिनीत कुंपणाचे खांब कलतात आणि भिंतींना तडे जातात. खड्ड्यात तो तिरपा, मेण लावल्यासारखा चकाकणारा पृष्ठभाग पहिल्यांदा दिसतो आणि त्यावरून बोट फिरवता येतं, तो क्षण माणूस विसरत नाही.

पुढची नावं ऐकून दडपण येतं, पण ती सुटी करून वाचायची असतात. ‘हॅप्लस्टर्ट’ घ्या. शेवटचा ‘अर्ट’ म्हणजे व्हर्टिसॉल. मधला ‘उस्ट’ म्हणजे वर्षातला काही काळ कोरडी राहणारी, पण पिकाच्या हंगामात ओल मिळणारी. पुढचा ‘हॅप्ल’ म्हणजे साधी, आणखी काही खास खूण नसलेली. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने हे एक नाव वाचलं तरी भेगा, चिकण आणि पावसाची तऱ्हा त्याच्यापर्यंत पोचते. या पद्धतीच्या सहा पायऱ्यांमधली सगळ्यात खालची, म्हणजे ‘मालिका’, ही मात्र पुन्हा गावाकडे येते. ज्या ठिकाणी ती माती ओळखली गेली, बहुधा तिथलंच नाव तिला मिळतं.

नत्र, स्फुरद, पालाश हे आकडे या नावात नसतात. ते खत घातलं की एका हंगामात बदलतात. वर्गीकरणाला धरायचे असतात सहसा न बदलणारे गुण. माती परीक्षणाचा कागद आणि मातीचं वर्गीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

नावावर किती अवलंबून असतं हे खारवट आणि चोपण जमिनींत दिसतं. दोन्हींत पीक खुरटतं, दोन्हींना लोक सरसकट ‘मिठाने गेलेली’ म्हणतात. खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या अर्काची विद्युत वाहकता (ती क्षारांबरोबर वाढते) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते. पृष्ठभागावर पांढरा थर फुलतो, पण माती भुसभुशीत राहते. निचऱ्याची सोय करून चांगल्या पाण्याने धुतली की ती सुधारते. चोपण जमिनीत चिकणीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, कणांना चिकटून अदलाबदल होऊ शकणाऱ्या कॅल्शियम, सोडियमसारख्या घटकांच्या १५ टक्क्यांहून जास्त, आणि सामू (पीएच) बहुधा ८.५ च्या वर. सोडियममुळे कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. तिला आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावं लागतं, मग धुवावं लागतं. दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीत जिप्समशिवाय नुसतं धुणं केलं तर क्षार निघून जातात, सोडियम राहतं, आणि खारवट-चोपण जमीन पक्की चोपण होऊन बसते. चुकीच्या नावाने जमीन कशी बिघडते ते इथे स्पष्ट दिसतं.

नकाशावरची रेघ

शेवटी हे सगळं नकाशावर उतरतं. तिथे प्रमाणाकडे पाहावं. १:५०,००० च्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात २५ हेक्टर. सुरुवातीची ती दोन शेतं या नकाशावर वेगळी दिसणं शक्यच नाही. १:१०,००० वर तोच चौरस सेंटिमीटर एक हेक्टरचा होतो आणि बांधाबांधाचा फरक दाखवायची सोय होते. नकाशात रंगवलेल्या प्रत्येक पट्ट्यात मुख्य मातीखेरीज दुसऱ्या मातीचे तुकडे असतातच. चांगल्या अहवालात ते प्रमाणासकट लिहिलेले असतात. ते न वाचता नुसता नकाशा पाहून कुणी ‘तुमच्या शेतात अमुक माती आहे’ असं सांगत असेल, तर आपल्या शेतात एक खड्डा खणून पडताळावं.

आणि नोंदी झाल्या की खड्डा त्याच दिवशी बुजवावा. आधी खालच्या मातीचा ढीग, तो पायाने दाबत दाबत, आणि सगळ्यात वर वरच्या मातीचा. ढीग वेगळे ठेवायचे ते याचसाठी. ते मिसळले तर मुरूम आणि चुनखडी वर येते, आणि त्या जागी पीक पुढची कित्येक वर्षं खुरटलेलं दिसतं.